पाट्याचे पोलाद

१९२८ साली मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने मोटारींची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे वाव उरला नाही. कंपनी गेली, रस्त्यावरच्या शेवरलेट मात्र राहिल्या. त्यांची खास हत्यारे बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा आमच्या इंदूरसारख्या शहरांतील मिस्त्रींनी ती स्वतः घडवली.

ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा हा त्यांचा मुख्य माल. हे पोलाद भट्टीत लाल करून तेलात बुडवले की कठीण होते आणि पुन्हा बेताने तापवले की त्याचा ठिसूळपणा जातो. त्यातून छिन्नी घडे. पुली काढण्यासाठी जाड पट्टीला तीन भोके पाडीत, मधल्यात आटे. कडेच्या दोन बोल्टांनी पट्टी पुलीला जखडायची आणि मधला बोल्ट दांड्यावर आवळत न्यायचा. पुली न तडकता सुटे. (हातोडीच्या मोहाने किती पुल्या फुटल्या, हे मिस्त्री सांगत नसत!) इंजिन उतरवायला कडुनिंबाची फांदी आणि चेनपुली.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांचे गॅरेज बंद करताना अशी अकरा हत्यारे शाळेला दिली. वडील हयात नाहीत. दहांचा उपयोग त्याने लिहून दिला. टोकाला खाच असलेली एक वाकडी सळई त्यालाही ओळखता आली नाही. ती प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. पालकांपैकी कोणी या व्यवसायात असल्यास त्यांनी ती अवश्य येऊन पाहावी.