सिकंदराबादचा डास आणि माझ्या राहिलेल्या गोळ्या

आजची गोष्ट एका डासाची आहे, आणि थोडी माझ्या येडेपणाचीपण.

मागच्या वर्षी कंपनीच्या कामासाठी मी दीड महिना युगांडात, कंपालाला होतो. जाण्याआधी पिवळ्या तापाची लस घेतली, कारण तिचं कार्ड नसलं तर विमानतळावरच अडवतात. मलेरियाच्या गोळ्या मात्र कोणी तपासत नाही. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली होती. रोज एक, आणि परत आल्यावरही चार आठवडे. तिथं असताना नियमानं घेतली. परभणीच्या स्टेशनवर उतरलो आणि बंद केली. म्हटलं, घरी आलो, आता कशाला? शिवाय आपण परभणीचे, डासांतच लहानाचे मोठे झालेलो!

ही चूक समजायला १८९७ मध्ये जावं लागेल. तेव्हा परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. आपण देवगिरी एक्स्प्रेसनं जातो ते सिकंदराबादही त्याच संस्थानात. तिथं रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर होते, जन्म अल्मोड्याचा. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी 'खराब हवा'. दलदलीच्या हवेनं ताप येतो, असं लोक शतकानुशतकं मानत होते. लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांना मात्र डासांवर संशय होता, आणि रॉस त्याच्याच मागे लागले. दोन वर्षं डास चिरले, हाती काही नाही. जातच चुकीची होती!

ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला ते चावू दिले. एका डासामागे एक आणा. २० ऑगस्टला त्यातल्याच एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉस यांना मलेरियाचा जंतू दिसला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही २० ऑगस्ट हा जागतिक मच्छर दिन असतो.

पण एक कोडं उरलंच. डास चावल्यावर बरेच दिवस रक्तात जंतू सापडत नाही. मग तो जातो कुठं? उत्तर मिळायला ५० वर्षं लागली. १९४८ मध्ये, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला त्याच वर्षी, हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी लंडनमध्ये दाखवून दिलं की जंतू आधी यकृतात दडतो, तिथं वाढतो आणि मग रक्तात उतरतो.

आता माझ्या गोळीचं गणित बघा. ती मुख्यतः रक्तातल्या जंतूला मारते. कंपालातल्या शेवटच्या रात्री डास चावला असेल, तर जंतू माझ्या यकृतात बसून थेट परभणीत आला. तो रक्तात उतरला तेव्हा गोळी बंद!

बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून औषध दिलं. कुठं जाऊन आलात हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीपण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी काहीबाही बरळायला लागलो. आईनं दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि दारातूनच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्यो आफ्रिकेतून आलाय. आधी रक्त तपासा." निघाला फाल्सिपेरम, मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार. तो मेंदूपर्यंत जातो. आठवडाभर ॲडमिट होतो. आई गप्प बसली असती तर हा भाग रेकॉर्ड झाला नसता.

म्हणून तीन गोष्टी. तिकडं मच्छरदाणीत झोपा. डॉक्टरांनी सांगितलेला गोळ्यांचा कोर्स घरी आल्यावरही पूर्ण करा. आणि परतल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी का होईना, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा की मी कुठं जाऊन आलो.

'आपल्याला सवय आहे' हे डासाला माहीत नसतं. भेटू पुढच्या भागात!