अल्-मअर्री, अबुल अला

(९७३–१०५७). अरबी कवी व विचारवंत. जन्म सिरियातील मअर्रत अल्-नुमान येथे. चौथ्या वर्षी देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. सु. दीड वर्ष बगदादमध्ये राहून १०१० मध्ये तो गावी परतला व एकांतवासात राहू लागला. मांस, मासे, अंडी, दूध व मध त्याने वर्ज्य केले. दूध पिलांसाठी असते व मध मधमाश्यांच्या श्रमाचे फळ होय; ते हिरावणे त्यास अन्याय वाटे. हा विचार त्याच्या लुझूमीयात या काव्यसंग्रहात आढळतो.

इस्लाममध्ये विहित पद्धतीने मांसभक्षण वैध असल्याने या व्रतामुळे त्याच्या श्रद्धेविषयीच शंका उपस्थित झाली. ईश्वराने अनुज्ञा दिलेले अन्न नाकारणारा त्याच्याहून दयाळू आहे काय, असे फातिमी पंथाचा प्रमुख धर्मप्रचारक अल्-मुअय्यद याने त्यास पत्राने विचारले. मअर्रीने प्राण्यांच्या वेदनांचा निर्देश केला. तसेच आपल्या तुटपुंज्या उत्पन्नाचे कारणही पुढे केले. तथापि उत्तम अन्नाची व्यवस्था करण्याची अल्-मुअय्यदची तयारी त्याने नाकारली. दारिद्र्य हे व्रताचे खरे कारण नव्हते, हे यावरून स्पष्ट होते. २०१३ मध्ये सिरियातील यादवी युद्धात अतिरेक्यांनी त्याच्या गावातील पुतळ्याचे शिर तोडले.