वेड आणि मजुरी : विल्यम फ्रीमन खटला

खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मनोवस्थेचा प्रश्न निघाला की कायदा दोनच वेळा तपासतो. कृत्य घडले त्या क्षणी हा माणूस शुद्धीवर होता काय, ही एक. आणि आज पिंजऱ्यात उभा असताना आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला कळते काय, ही दुसरी. या दोन वेळांच्या आधी त्या मनाचे काय झाले, ते कोणी मोडले, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत सहसा बसत नाही. १८४६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ऑबर्न गावी चाललेला विल्यम फ्रीमनचा खटला आपण वाचायला हवा तो यासाठी.

फ्रीमन म्हणजे मुक्त माणूस. विल्यमचा आजा गुलाम होता. ज्या हार्डनबर्गने ऑबर्न वसवले, तोच त्याचा मालक. न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी १८२७ मध्ये संपली, तेव्हा विल्यम तीन वर्षांचा असेल. बापाच्या बाजूने काळा आणि आईच्या बाजूने काळ्या व मूळनिवासी इंडियन रक्ताचा हा मुलगा कायद्याने स्वतंत्र होता. १८४० मध्ये घोडा चोरल्याच्या आरोपावरून त्याला पकडण्यात आले. त्याने चोरी कबूल केली नाही. तरी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सोळा वर्षांचा विल्यम ऑबर्नच्या सरकारी तुरुंगात गेला.

हा तुरुंग साधा नव्हता. ‘ऑबर्न पद्धत’ म्हणून ती जगभर नावाजली गेली. दिवसा कैद्यांनी कारखान्यात एकत्र राबायचे, रात्री एकेकट्या कोठडीत झोपायचे, आणि अहोरात्र एक शब्दही बोलायचा नाही. कैद्यांचे श्रम खाजगी ठेकेदारांना विकले जात. माल बाजारात जाई, पैसा ठेकेदाराकडे आणि तुरुंगाकडे जाई. कैद्याच्या हाती काही पडत नसे. नियम मोडला तर चाबूक होता.

विल्यमचे म्हणणे एकच होते: मी गुन्हा केलेला नाही, मग मी फुकट का राबू? या प्रश्नाला फटक्यांनी उत्तर मिळाले. एकदा एका पहारेकऱ्याने त्याच्या डोक्यात लाकडी फळी घातली, ती फळी मोडली. त्यानंतर विल्यमला ऐकू येईनासे झाले. १८४५ च्या सप्टेंबरात तो सुटला तेव्हा आप्तांना तो ओळखू येईना. जाताना चलाख असलेला मुलगा परतला तो बहिरा, मंद, कारणावाचून हसणारा होऊन.

पण एक गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. पाच वर्षांची मजुरी. तो गावातल्या मॅजिस्ट्रेटांकडे गेला आणि ज्यांनी आपल्याला डांबले त्यांच्यावर वॉरंट काढा म्हणाला. असा दावा चालत नाही, असे त्याला सांगण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने ते खरेही होते. कायद्यात त्या मजुरीला जागाच नव्हती.

१२ मार्च १८४६ च्या रात्री तो ओवॅस्को तलावाकाठी व्हॅन नेस्ट नावाच्या शेतकऱ्याच्या घरात सुरी घेऊन शिरला. शेतकरी, त्याची गरोदर बायको, दोन वर्षांचे मूल आणि म्हातारी सासू या चौघांचा त्याने जीव घेतला. या कुटुंबाने ना त्याला तुरुंगात धाडले होते, ना त्याची मजुरी बुडवली होती. हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे. शोषिताच्या हातून घडले म्हणून त्या मुलाचे मरण हलके होत नाही, आणि या कृत्याला विद्रोह म्हणणे हा विद्रोहाचाच अपमान आहे.

दुसऱ्या दिवशी फ्रीमन सापडला. जमाव त्याला तिथल्या तिथे फासावर चढवायला निघाला होता. या गावात त्याचे वकीलपत्र घेतले राज्याचे माजी गव्हर्नर विल्यम सेवर्ड यांनी, एक पैसा न घेता. हेच सेवर्ड पुढे लिंकनच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाले. ते गुलामगिरीचे विरोधक होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या सत्पुरुषांना अर्पण केला, त्यांच्या पंगतीतला हा माणूस. त्यांच्या या धाडसाबद्दल गावाने त्यांच्यावर राग धरला.

सेवर्डनी मांडलेला पहिला मुद्दा असा, की आरोपी खटला चालवण्याच्या स्थितीतच नाही. त्यासाठी आधी वेगळी ज्यूरी बसली. फ्रीमन म्हणे, मला वाचता येते. पुस्तक हाती दिले की पानावर नसलेलेच शब्द तो बोलत राही. युटिका येथील वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख डॉ. अमेरिया ब्रिगहॅम यांनी तो वेडा असल्याची साक्ष दिली. तरी ज्यूरीने निर्णय दिला, की बरेवाईट ओळखण्याइतका तो शहाणा आहे. विचारायचे होते एक आणि उत्तर आले दुसऱ्याचेच. खटला समजतो का, बचाव करता येतो का, याचे उत्तर ज्यूरीने दिलेच नाही. आणि न्यायमूर्ती व्हायटिंग यांनी ते स्वीकारून खटला पुढे चालवला.

सरकारी बाजूने उभा होता ॲटर्नी जनरल जॉन व्हॅन ब्युरेन, माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा. त्याच्या बाजूचा सूर असा: हे वेड नव्हे, ही जातच अशी. मंदपणा, अज्ञान, क्रौर्य हे सारे काळ्या व इंडियन रक्ताचे गुण. युक्तिवादाची ही चाल आपल्या ओळखीची आहे. माणसाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवायचे आणि मग त्याचे अज्ञान हा त्याच्या जन्माचा गुण म्हणून दाखवायचे. काळ्यांसाठी बुद्धीचे माप खाली आणून ठेवले जात आहे, याला सेवर्डनी न्यायालयात हरकत घेतली. माप खाली आणले की त्या मापाने वेडाही शहाणा ठरतो आणि फासावर जातो. जुलैत फ्रीमन दोषी ठरला. न्यायाधीशांना शिक्षा त्याच्या कानाजवळ जाऊन सांगावी लागली. ती त्याला उमगल्याचे दिसले नाही.

१८४७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. बरेवाईट कळणे एवढे पुरेसे नाही. आपल्यावर काय चालले आहे हे समजून बचाव करता येतो काय, हे पाहिले पाहिजे, असे तत्त्व घालून दिले. पुढे फ्रीमनला कोठडीत पाहून व्हायटिंग यांनीच फेरखटला घेतला नाही, इतकी त्याची दशा झाली होती. २१ ऑगस्ट १८४७ रोजी तो कोठडीतच मेला. शवचिकित्सेत त्याचा मेंदू आणि कानाचे हाड रोगाने खाल्लेले आढळले.

सेवर्ड जिंकले, विज्ञान खरे ठरले, असे म्हणून हा इतिहास येथे मिटवता येत नाही. अमेरिकन अभ्यासक रॉबिन बर्नस्टीन यांनी २०२४ च्या आपल्या ग्रंथात फ्रीमनच्या मजुरीच्या मागणीलाच मध्यभागी आणले आहे. त्या बाजूने पाहिले तर दोन्ही वकिलांनी मिळून एक गोष्ट पुसली असे दिसते. सरकार म्हणाले, हा जातीने क्रूर. बचाव म्हणाला, हा वेडा. मग ‘माझी पाच वर्षांची मजुरी द्या’ हे वाक्य एकाच्या हाती दुष्टपणाचा पुरावा झाले आणि दुसऱ्याच्या हाती भ्रमाचा. ते वाक्य खरे असू शकते, हे मान्य केले असते तर तुरुंग, ठेकेदार आणि त्या पैशावर पोसलेले गाव पिंजऱ्यात उभे राहिले असते. फ्रीमन वेडा होता यात शंका नाही. पण त्याची मागणी वेडी नव्हती. वेठ, वतन आणि राबवून घेतलेले हात ज्यांच्या घरच्या आठवणी आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या कायद्याचीही घडण याच काळातली आहे. १८४३ च्या लंडनमधील मॅक्नॉटन खटल्यानंतर इंग्रज न्यायाधीशांनी घालून दिलेली कसोटी १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. खटला चालवण्याच्या पात्रतेची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात वेगळी आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका खटल्यात, आरोपीचे नाव झाकून, शिक्षेनंतर जडलेला तीव्र मनोविकारही फाशी टाळण्याचे कारण ठरू शकतो असे मानले. तुरुंगात मन मोडू शकते, एवढे तरी कायद्याने पाहिले.

त्याच वर्षी महाराष्ट्रातीलच दुसऱ्या एका खटल्यात, ज्यांना फाशी द्यावी असा निकाल याच न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता अशी भटक्या जमातीची सहा माणसे निर्दोष सुटली. खोट्या गुन्ह्यात गोवले गेल्याची भरपाई म्हणून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. घटना २००३ ची. एका माणसाचे तारुण्य, झोप, शुद्ध आणि श्रम यांची ही किंमत झाली. फ्रीमनला तेवढीही मिळाली नव्हती.

आरोपी शहाणा की वेडा, हे डॉक्टर सांगतील आणि त्यांनी सांगितलेच पाहिजे. त्यावाचून न्याय नाही. पण कार्यकर्त्याने, शिक्षकाने, कायद्याच्या विद्यार्थ्याने त्यापुढचे दोन प्रश्न विचारायला हवेत. हे मन मोडले कोणाच्या ताब्यात? आणि मोडण्यापूर्वी ते काय मागत होते?