मडगावात घेतलेलं हंटर

आमच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट आहे. नवीन पाहुण्यांना वाटतं चांदीची भांडी असतील. जवळ जाऊन बघतात तर आत विमानं! एकूण त्रेसष्ट. सगळी ओतीव धातूची, जुनी, खेळण्यातली. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यामुळे त्यांची रीतसर वही आहे. कधी घेतलं, कुठे घेतलं, किती पडलं. फक्त एका विमानापुढे किमतीचा रकाना कोरा आहे. आज त्याच्याबद्दल लिहितो.

डिसेंबर 1961. मी दहा वर्षांचा. आमचं बिऱ्हाड बेळगावला शहापुरात. सांबऱ्याचा विमानतळ तिथून दहा-बारा किलोमीटर, ब्रिटिशांनी महायुद्धात बांधलेला. एरवी तिकडे कोणी फिरकत नसे. पण त्या डिसेंबरात गावभर लष्कराच्या गाड्या झाल्या. मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन इथे जमली होती आणि सांबऱ्याला हंटर विमानं आली होती. आम्हा पोरांना शाळा सुचेना. आवाज आला की आधी सगळे अंगणात. गंमत म्हणजे आवाज जिथून येतो तिथे विमान नसायचंच, ते पुढे गेलेलं असायचं. हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले.

18 डिसेंबरला, सोमवारी सकाळी, सांबऱ्याहून सहा हंटर गेली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. दाबोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले. हा तपशील अर्थात मी पुढे वाचला. त्या दिवशी आम्ही नुसते ओरडत होतो. आई मात्र बाहेर आली नाही. तिची सख्खी धाकटी बहीण मडगावला दिलेली. 1955 मध्ये सीमा बंद झाली तेव्हापासून दोघींची भेट नव्हती, पत्रंसुद्धा फिरून फिरून यायची. आमचं ओरडणं ऐकून आई आतून एवढंच म्हणाली, "ती विमानं कुठं चाललीत, कळतंय का रे तुम्हाला?" आम्ही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. मावशी सुखरूप असल्याचं कळायला आणखी काही दिवस गेले.

पुढच्या मे महिन्यात आम्ही सगळे मडगावला गेलो. दोघी बहिणींचं वर्णन करत नाही, ज्याचं त्याने समजावं. तेव्हा मडगावच्या बाजारात परदेशी मालाची चंगळ होती. आपल्याकडे परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयात आवळलेली, आणि तिथे पोर्तुगीज अमदानीतला माल अजून दुकानात पडून. इकडून गेलेली माणसं घड्याळं आणि टेरिलिनची कापडं घेत होती. मला एका दुकानाच्या काचेत छोटंसं विमान दिसलं. मी नुसतं "बाबा, हंटर!" म्हणालो. बाबा शाळामास्तर, त्या पगारात खेळणं बसत नव्हतं. त्यांनी मला बाहेर उभं केलं, स्वतः आत गेले, बराच वेळ बोलले. बाहेर आले तेव्हा खोकं हातात होतं. किती पडलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आई विचारायची, ते विषय बदलायचे. रकाना कोरा आहे तो त्यामुळे.

ते विमान म्हणजे डिंकी टॉईजचं 736 नंबरचं हॉकर हंटर. तळहातावर मावेल एवढं. वरून हिरवा-करडा रंग, पोटावर इंग्रजी अक्षरं. ही कंपनी लिव्हरपूलची. मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्न्बीनेच 1934 च्या सुमारास डिंकी नावाने छोट्या मोटारी आणि विमानं विकायला सुरुवात केली. खरं हंटर पहिल्यांदा उडालं 1951 मध्ये. 1953 मध्ये नेव्हिल ड्यूक या वैमानिकाने त्यावर ताशी 727 मैलांचा जागतिक विक्रम केला, आणि 1955 मध्ये डिंकीचं खेळणं बाजारात आलं. आपल्या हवाई दलासाठी 160 हंटर मागवली गेली ती 1957 मध्ये. म्हणजे खेळणं आपल्या हंटरपेक्षा दोन वर्षांनी मोठं.

अडचण एकच होती. त्याच्या पंखांवर ब्रिटिश गोल होते. बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल. सांबऱ्याच्या हंटरवर बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. गल्लीतली पोरं चिडवायला लागली, "हे आपलं न्हवंच की!" दोन दिवस मी ते खिशातून काढलं नाही. मग गल्लीच्या टोकाला गणपती करणारे काका होते त्यांच्याकडे गेलो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी विमान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आण की हिकडं. एवढ्यासाठी रडतोस व्हय?" गणपतीचे डोळे आखायची बारीक कुंचली घेतली. पांढरं कडं तसंच ठेवून निळ्यावर केशरी आणि लालवर हिरवा चढवला. वरून वार्निशचा एक हात. पैसे विचारले तर हसले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत भारतीय हवाई दल स्थापन झालं.

पुढे शिक्षण, बी.कॉम., बँक, बदल्या. हंटर आईच्या ट्रंकेत राहिलं. संग्रहाचा नाद लागला तो 1983 नंतर, मुंबईला असताना. चोरबाजारात एका रविवारी डिंकीचं एम्पायर फ्लाइंग बोट मिळालं, युद्धाआधीचं. ग्वाल्हेरच्या मंडळींना सांगायला हवं, ही खरीखुरी विमानं तुमच्याकडे उतरत. इम्पीरियल एअरवेजची कराचीहून कलकत्त्याला जाणारी समुद्री विमानं वाटेत राजसमंदच्या आणि ग्वाल्हेरजवळच्या तलावावर पाण्यात उतरायची. फार आनंदाने ते खेळणं घरी आणलं. तीन-चार पावसाळ्यांनी पाहतो तर पंखाला केसाएवढी चीर. मग दुसरी. एक दिवस पंख वाकलेला, आणि उचलायला गेलो तर तुकडा हातात. कोणी पाडलं म्हणून मी घरातल्या सगळ्यांवर उखडलो. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

दोष धातूचा. ही खेळणी जस्ताच्या मिश्रधातूची असतात, त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम, थोडं तांबं, मॅग्नेशियम. जस्त अगदी शुद्ध लागतं. शिशाचा किंचित अंश जरी राहिला तरी दमट हवेत धातू आतल्या आत, कणाकणांच्या सांध्यात कुजतो, फुगतो आणि तडकतो. युद्धाआधीच्या पुष्कळ मालात ही खोट आहे. एकदा सुरू झालं की इलाज नाही. एकाची बाधा दुसऱ्याला होते हा मात्र गैरसमज. ज्याच्या धातूतच खोट, तेच जातं. युद्धानंतरचा माल सहसा टिकतो. हे वाचल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर रजा टाकून बेळगावला आलो आणि आईची ट्रंक उघडली. हंटर ठणठणीत होतं.

डिंकीचा भारताशी आणखी एक संबंध आहे, कॉमर्सच्या माणसाला गमतीचा वाटेल असा. साठच्या दशकाच्या अखेरीला त्यांचे काही जुने साचे कलकत्त्याला आले. घसारा पुरता झालेली मालमत्ता म्हणा ना! साच्यातलं डिंकी हे नाव खरवडून 'निकी' केलं आणि निकी टॉईज म्हणून इथे माल निघू लागला. रंग जाड, खरवडल्याच्या खुणा दिसतात. माझ्याकडे त्यातलं सी व्हिक्सन आहे. पूर्वी हसायचे लोक, आता शोधत फिरतात. लिव्हरपूलचा मूळ कारखाना 1979 च्या नोव्हेंबरात बंद पडला.

नव्वदच्या दशकात एका जाणकार संग्राहकांना मी हंटर दाखवलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, परत ठेवलं. "रंगवलेलं आहे. शून्य धरा. रंग काढून नवीन गोल चिकटवा, थोडे तरी पैसे येतील." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सोन्यावर कर्ज देताना आम्हीही तेच करायचो. खडे वजा, लाख वजा, घडणावळ वजा, राहील त्या सोन्याचं वजन. समोरची बाई म्हणायची, हे माझ्या आईचं आहे हो. आम्ही मान डोलवायचो आणि वजनच लिहायचो. मी घरी येऊन रंग काढायचं द्रावण आणलंसुद्धा. बाटली अजून तशीच आहे, झाकण न उघडलेली. त्याऐवजी न रंगवलेलं दुसरं हंटर विकत घेतलं. ते वहीत एकसष्टाव्या नंबरवर, किमतीसकट.

दोन वर्षांपूर्वी केशरी कडेचा एक टवका उडाला. ते काका कधीच गेले, शेड त्यांचा मुलगा चालवतो. आता तोही सत्तरीला टेकलाय. त्याच्याकडे घेऊन गेलो आणि तेवढं भरून दे म्हणालो. त्याने उजेडात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "हे बाबांच्या हातचं हाय वो. त्यावर मी कुंचली कशी फिरवू?" मग बाजूचा रंग आणखी सुटू नये म्हणून टवक्याच्या कडेला नुसता वार्निशचा थेंब लावून दिला. तिथे केशरीखालचा निळा दिसतो.

मंडळी, एक विनंती. डिसेंबर 1961 मधल्या सांबऱ्याच्या हंटरचा फोटो कोणाच्या घरी, वडिलांच्या किंवा काकांच्या अल्बममध्ये असेल तर इथे जरूर टाका. आणि माळ्यावर जुनी धातूची खेळणी असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट होतं. कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि भंगारवाल्याला देण्याआधी मला एक फोटो पाठवा.