कॅमेऱ्यावरचे डाग आणि ग्राहकाची निष्ठा

साबण आवडला नाही तर ग्राहक पुढच्या महिन्यात दुसरा घेतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत हे इतके सोपे नसते. लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेणारा माणूस हळूहळू त्याच कंपनीच्या लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या जमवीत जातो. कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याच्या खाचेला माउंट म्हणतात. निकॉनचा 'एफ' माउंट १९५९ पासूनचा, तर कॅननचा 'ईएफ' माउंट १९८७ पासूनचा. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला थेट बसत नाही. त्यामुळे कंपनी बदलायची म्हणजे मांडलेला संसारच मोडायचा. या अडकलेपणालाच कंपन्या अनेकदा ग्राहकनिष्ठा समजून बसतात. दोहोंतला फरक कळतो तो कॅमेरा बिघडल्यावर.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या पुस्तकात नाराज ग्राहकापुढचे दोन मार्ग सांगितले: मुकाट्याने निघून जाणे किंवा तक्रार करणे. निष्ठा असलेला माणूस निघून जाण्याआधी तक्रार करून पाहतो. म्हणजे सेवा केंद्राच्या खिडकीशी वाद घालणारा ग्राहक हा बहुधा कंपनीचा हितचिंतकच असतो. त्याला परतवून लावणे कंपनीला किती महागात पडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे निकॉनचा 'डी ६००'.

सप्टेंबर २०१२ मध्ये बाजारात आलेला हा कॅमेरा कागदावर उत्तम होता. पूर्ण आकाराचा सेन्सर, २४.३ मेगापिक्सेल, आणि अमेरिकेत किंमत सुमारे २,१०० डॉलर. हौशी छायाचित्रकाराच्या आवाक्यात आलेला असा सेन्सर तोवर दुर्मीळच होता. पण थोड्याच दिवसांत छायाचित्रांवर, विशेषतः डाव्या वरच्या कोपऱ्यात, काळपट ठिपके दिसू लागले. ॲपर्चर लहान ठेवून आकाशाचे चित्र घेतले की ते लपत नसत. ऑक्टोबरपर्यंत 'लेन्सरेंटल्स' या अमेरिकेतील कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कंपनीनेही आपल्या ताफ्यातील कॅमेऱ्यांत हाच दोष असल्याचे जाहीर केले. सेन्सर पुसला तरी काही काळाने ठिपके परत येत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये निकॉनने निवेदन काढले. त्यात सेन्सरवर धूळ साचण्याचा उल्लेख होता. माहितीपुस्तिकेप्रमाणे सफाई करा, तरीही ठिपके गेले नाहीत तर सेवा केंद्राकडे या, असा सल्लाही होता. कॅमेऱ्याच्या रचनेतच दोष आहे, ही कबुली मात्र नव्हती. ऑक्टोबर २०१३ मध्ये नव्या शटरचा 'डी ६१०' आला. बाकी कॅमेरा जवळपास तोच. शटर का बदलले, हे कंपनीने सांगितले नाही, पण जुन्या ग्राहकाला ते सांगण्याची गरजही नव्हती. वर्षापूर्वी घेतलेला त्याचा कॅमेरा एका दिवसात 'दोषाचे मॉडेल' ठरला होता.

फेब्रुवारी २०१४ मध्ये, अमेरिकेत सामूहिक दाव्याची चर्चा सुरू असताना, कंपनीने हमीकाळ संपलेल्या कॅमेऱ्यांचीही तपासणी, सफाई आणि शटरबदल मोफत करण्याचे जाहीर केले. पण उशीर झाला होता. १५ मार्चला, जागतिक ग्राहकदिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने आपल्या वार्षिक ग्राहक कार्यक्रमात हे प्रकरण मांडले. एकेका ग्राहकाला सफाईसाठी वारंवार खेटे घालावे लागल्याचे त्यात दिसले. सेवा केंद्रातील कर्मचारी हवेतल्या धुरक्याला दोष देतानाही दिसले. त्यानंतर शांघायच्या प्रशासनाने 'डी ६००'ची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. ठिपके कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात पडू शकतात. ग्राहक दुखावला तो हवेकडे बोट दाखविल्यामुळे.

याच कंपनीने धडा घेतल्याचेही दिसते. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या 'डी ७५०'मध्ये समोरून प्रखर प्रकाश आल्यास चित्रावर विचित्र पट्टा उमटत असल्याची तक्रार आली. डिसेंबरअखेरीस कंपनीने ती मान्य केली आणि जानेवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली. हा कॅमेरा पुढे अनेक वर्षे छायाचित्रकारांचा आवडता राहिला.

दुरुस्तीची वाट अरुंद करणे ही नाराजीची दुसरी जागा. २०१२ मध्ये निकॉनने अमेरिकेतील स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग विकणे बंद केले, आणि मार्च २०२० अखेर तेथील स्वतंत्र अधिकृत दुकानांची व्यवस्थाही संपविली. व्यावसायिक छायाचित्रकारांना याची झळ कमी बसते. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत कॅनन व निकॉन त्यांच्यासाठी जागेवरच सेवा केंद्रे उभारतात. हौशी ग्राहकाने मात्र कॅमेरा पार्सल करून वाट पाहायची.

दरम्यान माउंटची बेडीही सैल होत गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये, 'डी ६१०' आला त्याच महिन्यात, सोनीने पूर्ण आकाराच्या सेन्सरचा, आरसा नसलेला 'ए ७' जाहीर केला. त्याला ॲडॅप्टर लावून इतर कंपन्यांच्या जुन्या लेन्स वापरता येत. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनी स्वतःच नवे माउंट आणले. जुन्या लेन्ससाठी ॲडॅप्टर दिले खरे, पण नवा संसार मांडायचाच तर तो कोणाच्या घरी, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाला नव्याने पडला. २०१९ मध्ये जागतिक डिजिटल कॅमेरा बाजारात सोनीने निकॉनला मागे टाकून दुसरे स्थान मिळविले. त्यात सोनीच्या तंत्रज्ञानाचा वाटा मोठा होता. पण ठिपक्यांनी वैतागलेल्या ग्राहकाला निघून जाण्याचा दरवाजा त्या तंत्रज्ञानानेच उघडून दिला.