मनगटावर मोजली जाणारी झोप : घटिकापात्रापासून पट्ट्यापर्यंत

१/९
पुणे–अहिल्यानगर महामार्गावर कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या दरम्यान शिरूर तालुक्यातील सणसवाडी वसली आहे. गावाभोवती आज कारखाने आहेत आणि त्यांतील काम पाळ्यांत चालते. समजा, रात्रपाळी करून खोलीवर परतलेल्या एका कामगाराला मनगटावरचा पट्टा दुपारी सांगतो : झोप, चार तास दहा मिनिटे. हा आकडा येतो कोठून?

२/९
रात्रीचे मोजमाप आपल्याकडे जुनेच. तळाला बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. अहोरात्र ६० घटिकांचे, रात्र चार प्रहरांची. मात्र हे साधन काळ मोजत असे. निजलेल्या माणसाचा हिशेब त्यात नव्हता.

३/९
मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. सुरुवातीला गिरणीचा दिवस सूर्यप्रकाशाने बांधलेला होता. विजेचे दिवे आले आणि ती मर्यादा सुटली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत दिवस चौदा तासांवर गेला. वाढलेले हे तास कामगाराच्या विश्रांतीतूनच कापले गेले.

४/९
त्याआधीच नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले होते. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. पुढे कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १९११ मध्ये १२ तासांवर आणला. कारखान्यांसाठी ही मर्यादा १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४६ मध्ये ९ तास झाली. आठवड्याला कमाल ४८ तास.

५/९
झोपेचे शास्त्र याच काळात घडत होते. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूच्या विद्युत्लहरींची नोंद १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. १९३७ मध्ये अमेरिकेत लूमिस व सहकाऱ्यांनी त्या लहरींवरून झोपेच्या अवस्था पाडल्या. १९५३ मध्ये शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था जगासमोर मांडली.

६/९
या नोंदींसाठी डोक्याला तारा लावून प्रयोगशाळेत निजावे लागे. १९७० च्या दशकात संशोधकांनी सोपी वाट शोधली : मनगटाची हालचाल मोजायची, हात स्थिर तर झोप, हलला तर जाग. १९९२ मध्ये कोल, क्रिप्के व सहकाऱ्यांनी त्यासाठी गणिती सूत्र प्रसिद्ध केले. २००९ मध्ये फिटबिटचे उपकरण बाजारात आले. पुढच्या पट्ट्यांत हिरव्या प्रकाशाने नाडी मोजण्याची सोय आली.

७/९
म्हणजे पट्टा मेंदू पाहत नाही. हालचाल आणि नाडी यांवरून तो झोपेचा अंदाज बांधतो. झोप न लागता निपचित पडलेल्या माणसाची जागही तो झोपेत धरू शकतो. गाढ झोप आणि स्वप्नावस्था यांची विभागणी त्याहून कच्ची असते.

८/९
२०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ ही संज्ञा वापरली : आकडा सुधारण्याच्या ध्यासानेच झोप बिघडणे. त्याच वर्षी शरीरातील दिवसरात्रीच्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना नोबेल मिळाले. रात्रपाळीचा कामगार याच घड्याळाविरुद्ध जागतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगकारक असल्याचे नोंदवले.

९/९
१९४८ च्या कायद्यात एक लहानसे कलम होते : रात्रपाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर सुटीचा दिवस पाळी संपल्यापासून पुढचे २४ तास धरावा. कामगार कधी निजणार, याचा विचार येथे पट्ट्याच्या कितीतरी आधी झाला होता. पट्ट्याचा एका रात्रीचा आकडा फारसे सांगत नाही. पण महिनाभराचा आलेख पाळीपत्रकाशेजारी ठेवला, तर कोणत्या आठवड्यात झोप तुटते ते दिसते. डॉक्टरांना दाखवण्याजोगे, आणि पाळ्या ठरवणाऱ्यांपुढेही ठेवण्याजोगे, त्यात तेवढे निश्चित असते.