अंगाला लावायची वनस्पतिजन्य तेले (बेटेगाव–बोईसर परिसर)

बिया, गर किंवा सुके खोबरे घाण्यात दाबून अथवा पाण्यात उकळून काढलेली आणि त्वचा मऊ राहावी, फुटू नये म्हणून अंगाला चोळली जाणारी तेले. बेटेगाव हे पालघर तालुक्यातले, बोईसरच्या पूर्वेला लागून असलेले गाव. पश्चिमेला रेल्वेमार्ग, तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिच्याही पलीकडे नारळीच्या वाड्यांची किनारपट्टी. पूर्वेला वारली, कोकणा, मल्हार कोळी आणि कातकरी पाड्यांचा डोंगराळ मुलूख. गावात गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली गृहसंकुले. त्यामुळे या टापूत तीन वेगवेगळ्या सवयी एकत्र आल्या आहेत. रानाकडून मोहाचे तेल येते, किनाऱ्याकडून खोबरेल, आणि कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारच्या कुटुंबांबरोबर मोहरीचे. प्रत्येकाला आपलेच तेल थोर वाटते. तेलांचे गुण मात्र खरोखरच निरनिराळे आहेत आणि ते त्यांतल्या मेदाम्लांवर ठरतात.

तेल काय करते : तेलात पाणी नसते. ते त्वचेतला ओलावा वाढवत नाही, आहे तो उडून जाऊ देत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्ले भरलेली असतात. साबण, कढत पाणी आणि डिसेंबर-जानेवारीतला कोरडा वारा यांनी हा लेप निघून जातो, फटी उघड्या पडतात, पाणी भराभर उडते. मग नडग्यांवर पांढुरके खवले दिसू लागतात आणि टाचांना भेगा पडतात. तेल त्या फटी तात्पुरत्या बुजवते. म्हणून ते लावायची उत्तम वेळ म्हणजे आंघोळीनंतरची पहिली दोन-तीन मिनिटे, अंग टिपून घेतलेले पण अजून ओलसर असताना. सकाळी कोरड्या ठणठणीत नडगीवर चोळलेले तेल चकाकते खरे, पण अडवायला आत पाणीच थोडे असते.

आपल्याकडे तेल आंघोळीआधी लावतात. दिवाळीतले अभ्यंग घ्या किंवा बाळंतिणीचे रोजचे मालीश, नंतर उटणे, बेसन किंवा साबणाने त्यातले बरेचसे तेल निघून जाते. याचा उपयोग नाही असे नव्हे : साबण त्वचेतला मेद ओढून घेण्याआधी वरचे तेल ओढून घेतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजचे अभ्यंग सांगताना डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. पायांचा उल्लेख अनवाणी चालणाऱ्या मुलखाला आजही लागू पडतो.

मोहाचे तेल : मोह (मधुका लाँगिफोलिया) हा पालघर जिल्ह्याच्या रानातला, बांधावरचा आणि पाड्यावरचा वृक्ष. फुले मार्च-एप्रिलमध्ये पडतात. फळे मेअखेरीपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत पिकतात. कच्च्या फळांची भाजी होते, पिकल्यावर गर खातात आणि राहते ती तपकिरी, चकचकीत सालीची बी. झाडाखाली पडलेल्या बिया वेचायला घाई करावी लागते, कारण पहिल्या पावसात भिजल्या की त्यांना बुरशी धरते आणि तेलाला खवट वास येतो. दगडाने साल फोडायची, आतल्या डाळिंब्या कडक उन्हात वाळवायच्या, कुटायच्या, वाफवायच्या आणि गरम असतानाच दाबून तेल काढायचे, ही जुनी रीत. घरी दोन ओंडक्यांच्या पेचात दाबले तर तेल कमी उतरते, म्हणून बिया घाण्यावर नेल्या जातात.

ताजे तेल पिवळसर असते. थंडीत ते तुपासारखे थिजते, कारण त्यात पामिटिक व स्टिअरिक ही घट्ट मेदाम्ले मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात. ओलेइक आम्लही जवळजवळ तेवढेच, आणि लिनोलेइक त्या मानाने थोडे. हाताला ते जड लागते, लवकर पुसले जात नाही. टाचांसाठी नेमके हेच हवे. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, मळ घासून, अर्धवट टिपावेत. थिजलेले तेल तळव्यावर चोळून पातळ करावे आणि बोटाच्या टोकाने भेगेच्या कडांवर जिरवावे, वरून सुती मोजे किंवा फडके. तेलात थोडे मेण वितळवून घेतले की घट्ट मलम होते आणि ते अंथरुणाला कमी लागते. भेगेतून रक्त येत असेल तर तेलाने भागत नाही. मधुमेह असलेल्याने तर भेग दिसताच दवाखाना गाठावा.

याचा वास उग्र असतो आणि नवख्या माणसाला तो नकोसा वाटतो. शहरी बाजारात हे तेल मागे पडण्याचे एक कारण हेच असावे. दुसरे कारण अर्थातच दारूच्या नावाने झालेली मोहाची बदनामी. ब्रिटिश सरकारने १८९२ मध्ये खास मोहासाठी कायदा केला आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर बंधने घातली. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाण्यातच होता. तो वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. कायद्याचा रोख फुलांवर होता, पण झाडाचे नाव निघाले की आजही लोकांना बाटलीच आठवते, बी आठवत नाही.

गंमत अशी की सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात ज्या आफ्रिकी शिआ लोण्याची डबी महाग विकली जाते, ते शिआचे झाड मोहाच्याच कुळातले, सॅपोटेसी कुळातले. डहाणू-घोलवडचा चिकूही त्याच कुळातला. शिआ आणि मोह यांच्या मेदाची घडण हुबेहूब सारखी नाही. शिआत स्टिअरिक आम्ल बरेच अधिक असते आणि म्हणून ते जास्त घट्ट. तरी टाचा-कोपरांच्या कामासाठी समुद्रापारचा मेद मागवण्याइतका हा फरक मोठा नाही. तेल काढून उरलेल्या मोहाच्या पेंडीत सॅपोनिने असतात, ती फेस करतात. म्हणून ती डोके धुवायला वापरली गेली. तीच पेंड पाण्यात टाकली तर मासे गुंगतात आणि मरतात. गुरांना ती तशीच घालत नाहीत.

खोबरेल : किनाऱ्यावरच्या घरांतले रोजचे तेल. त्यातले जवळजवळ निम्मे मेदाम्ल म्हणजे लॉरिक आम्ल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते. कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि खनिज तेल यांची फिलिपाइन्समध्ये तुलना झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. म्हणजे खोबरेल चांगलेच, पण जादू नव्हे. चेहऱ्यावर पुटकुळ्या येणाऱ्यांनी ते तोंडाला लावू नये, छिद्रे बुजतात.

खोबरेल खायचे की लावायचे, हा प्रश्न करखात्याने अनेक वर्षे न्यायालयांत लढवला, कारण खाद्यतेल आणि केशतेल यांवर तेव्हा वेगवेगळा कर लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की केवळ बाटली लहान आहे म्हणून शुद्ध खोबरेल केशतेल ठरत नाही. कोकणातल्या कुठल्याही आजीने हे फुकट सांगितले असते.

करडई, तीळ, मोहरी : बाळाच्या मालिशासाठी कोणते तेल, यावर महाराष्ट्रातच दोन उपयुक्त अभ्यास झाले आणि दोन्ही २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या अभ्यासात १२० नवजात बाळांचे तीन गट केले होते : एकाला करडईचे तेल, एकाला खोबरेल, एकाला काहीच नाही. पाच मिलिलिटर तेल, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. करडईच्या गटातल्या बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्ले वाढलेली आढळली, खोबरेलाच्या गटात संपृक्त मेद वाढला. तेल अंगात जिरते हे आयाबायांचे म्हणणे त्यामुळे निदान नवजात बाळांपुरते तरी मोजून दाखवले गेले. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या अभ्यासात खोबरेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या गटापेक्षा अधिक वेगाने वाढले.

करडई आणि सूर्यफूल या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते आणि त्वचा आपला संरक्षक लेप बनवताना ते वापरते. उलट ओलेइक आम्ल जास्त असलेले तेल हा लेप सैल करू शकते. इंग्लंडमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावले तेव्हा वरचा थर कमकुवत झाला. सूर्यफुलाने तसे झाले नाही. मोहाच्या तेलातही ओलेइक बरेच आहे. तेव्हा टाचांच्या जाड कातडीला ते ठीक, पण तान्ह्या बाळाला किंवा इसब असलेल्या अंगाला करडई-सूर्यफूल बरे, असे या माहितीवरून म्हणता येते. तीळ मधला, त्याचे मेदाम्लांचे प्रमाण बऱ्यापैकी समतोल आहे.

मोहरीचे तेल अंगाला ऊब देते असे म्हणतात. ती ऊब म्हणजे त्यातल्या तिखट द्रव्याने त्वचेला होणारा दाह. नाशिकमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने २००५ मध्ये मोहरीच्या तेलाने अंगभर उठणाऱ्या पुरळाची नोंद केली आहे. उत्तरेतल्या थंडीत रुळलेली ही सवय बोईसरच्या दमट हवेत, तीही नवजात बाळावर, चालू ठेवण्यासारखी नाही.

कोकमाच्या बियांचे तेल, भिरंडेल, हे दक्षिण कोकण आणि गोव्याचे. बिया कुटून पाण्यात उकळतात, वर आलेला मेद काढून मुठीत गोळे वळतात. तो सुमारे ४० अंशांपर्यंत घट्टच राहतो, म्हणून गोळा टाचेवर थेट घासता येतो. बोईसरकडे तो मिळतो तो दुकानातूनच.

अपायकारक तेले : झाडातून निघाले म्हणजे सौम्य, हा समज बिब्बा खोटा ठरवतो. पायाच्या भेगांत गरम बिब्ब्याचे तेल घालण्याची रीत महाराष्ट्रभर होती. ते तेल काळे, चिकट; अंगाला लागले की कित्येकांना फोड येतात, आणि डाग महिनोन्महिने जात नाही. याच तेलाने धोब्याच्या कपड्यांवर खुणा करत, आणि ते कपडे घालणाऱ्यांच्या मानेवर पुरळ उठे. काजूच्या टरफलाचे तेलही असेच भाजते; काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि आंबाही त्यांचा सोयरा, म्हणून कैरीचा चीक काहींच्या ओठांना बाधतो.

तेल कुठे लावू नये : भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहिल्यावर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथली कातडी आधीच पाण्याने फुगून पांढरी झालेली असते. तेल ते पाणी कोंडते. पाय धुऊन, बेचके कोरडे करून, बुरशीविरोधी औषध लावणे योग्य. कोंड्याचेही तसेच : तो वाढवणारी मॅलसेझिया ही बुरशी तेलांतल्या मेदाम्लांवरच पोसते, त्यामुळे डोके तेलाने थबथबले की खवले तात्पुरते बसतात आणि खाज वाढते.

कारखान्यात विद्रावके, रंग किंवा तीव्र साबण हाताळणाऱ्यांच्या हातांना इसब होण्याचा धोका अधिक. पाळी संपल्यावर हात साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुऊन ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे. कामावर जाताना मात्र नको : नैसर्गिक रबराचे हातमोजे तेलाने मऊ पडून फाटतात, आणि तेलाचा थर रसायनाला अडवील या भरवशावर राहणे धोक्याचे. उन्हापासूनही तेल म्हणण्यासारखे रक्षण करत नाही.

निवड आणि साठवण : नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. लिनोलेइक जास्त असलेली तेले हवा आणि उजेड लागला की लवकर खवट होतात, खोबरेल त्यामानाने टिकते. मोहाचे तेल गडद बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, ओला हात न लावता ठेवावे. रंगाच्या डब्यासारखा वास येऊ लागला की ते अंगाला लावू नये; दिव्याला चालते.